पाण्यावर चालायचंय? आधी भार कोण घेतंय ते ठरवा

एप्रिल २०२३ मध्ये जबलपूरकडचा एक व्हिडिओ सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरत होता, आठवत असेल. नर्मदेच्या पात्रात एक बाई चालतायत, काठावर ही गर्दी, लोक हात जोडतायत आणि खाली ओळ की साक्षात नर्मदामैया पाण्यावरून चालली. आपल्याकडे परिक्रमा करून आलेलं कुणी ना कुणी प्रत्येक गावात असतंच, त्यामुळे माझ्याकडे तो सात-आठ ग्रुपांवरून आला. पुढे त्या बाईंनी स्वतःच सांगितलं की मी देवी नाही, मी परिक्रमेला निघालेय आणि तिथे पाणी कमी होतं म्हणून पात्रातून चालत होते. त्यांनी कुणालाच फसवलं नव्हतं. पाणी उथळ, तळाला वाळू आणि बघणारे लांब काठावर, एवढ्यावरच चमत्कार उभा राहिला.

मी गेली काही वर्षं शाळांतून आणि गणपतीच्या मंडपांतून चमत्कार सादरीकरण करतो, म्हणजे बाबा लोक जे करतात ते करून दाखवायचं आणि मग उलगडून सांगायचं. पाण्यावर चालण्याचा प्रयोग मुलांना सगळ्यात जास्त आवडतो आणि शिक्षक मंडळी नंतर हमखास विचारतात की आम्हाला करता येईल का. येईल. मी तीन पद्धती सांगतो, एक स्वयंपाकघरातल्या सामानाची, एक तराफ्याची आणि एक निव्वळ नजरेच्या खेळाची. तिन्हींसाठी आधी एकच प्रश्न पक्का डोक्यात ठेवा, माणसाचा भार कोण घेतंय? ६० किलोचा माणूस म्हणजे साधारण ५९० न्यूटन खाली दाबणारं बळ, तेवढंच कुणीतरी वर ढकलायलाच पाहिजे, वाळू असेल, हवा भरलेला डबा असेल, काचेसारखी फळी असेल, पण कुणीतरी असतंच. मुलांना हा प्रश्न विचारायची सवय लागली की अर्धं काम झालं.

आता नुसत्या पाण्यावर का जमत नाही ते आधी बघू कारण मुलं हे विचारणारच. ओढ्यात, डबक्यात ते लांब पायांचे किडे सरसर घसरत जाताना सगळ्यांनी पाहिलेत, त्यांचे पाय पाण्यात शिरत नाहीत, पाण्याला नुसता खळगा पडतो. ते पृष्ठताणावर, म्हणजे पाण्याच्या ताणलेल्या वरच्या थरावर, उभे असतात. वाटीभर पाण्यात काट्याच्या चमच्यावरून किंवा टिश्यू पेपरच्या तुकड्यावरून अलगद सुई सोडली तर तीही तशीच राहते, जवळून बघा, सुईच्या दोन्ही बाजूंना पाणी गादीसारखं दबलेलं दिसतं. मग वाटीच्या कडेला भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब सोडा, सुई तत्क्षणी खाली. (हा प्रयोग बाकांवर मुलांनाच करू द्या, तुम्ही करून दाखवण्यात काही मजा नाही.) पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे साधारण ०.०७२ न्यूटन. म्हणजे ५९० न्यूटन पेलायचे तर पावलाची कडा मोजून आठ किलोमीटर लांब लागेल. फळ्यावर भागाकार करून दाखवा, पोरं आठ किलोमीटरचं पाऊल म्हटल्यावर आपसूक गप्प होतात.

दुसरा उमेदवार मध्य अमेरिकेतला बॅसिलिस्क सरडा. हा पृष्ठताणावर चालत नाही, हा पाण्याला चापट मारतो. पाऊल आपटलं की पाण्यात हवेचा खड्डा पडतो, त्या खड्ड्यातच तो पाय मागे खाली रेटतो आणि खड्डा मिटायच्या आत पाय बाहेर. ग्लाशीन आणि मॅकमॅहन या दोघांनी १९९६ साली याचं गणित मांडलं आणि त्यात माणसाचाही हिशेब केला, ८० किलोच्या माणसाला असं पळायचं तर सेकंदाला ३० मीटर वेग लागेल, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर, आणि स्नायूंत आपल्या आहे त्याच्या जवळपास १५ पट ताकद. उसेन बोल्टचा सर्वात जास्त वेगसुद्धा ताशी ४४ च्या आसपास आहे. मग २०१२ साली इटलीतल्या मिनेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच युक्ती केली, माणसांना पट्ट्याने वर टांगलं, खाली हवा भरून फुगवायचा पाण्याचा छोटा हौद ठेवला, पायात छोटे फिन, म्हणजे पोहणारे घालतात तसे वल्ह्यासारखे पंजे, चढवले आणि वजन हलकं करत करत बघितलं. पृथ्वीच्या २२ टक्के गुरुत्वापर्यंत माणसाला पाण्यावर जागच्या जागी पळता आलं. चंद्रावर गुरुत्व साधारण १६-१७ टक्के, म्हणजे चंद्रावर पाण्याची टाकी नेली तर पायात फिन घालून आपण पाण्यावर पळू शकतो! हे मी सांगतो तेव्हा मागच्या बाकांवरचे पण पुढे झुकतात.

पृथ्वीवर मात्र नाही. १९६६ साली मुंबईत राव नावाच्या एका हठयोग्यांनी पाण्यावरून चालून दाखवतो असं जाहीर केलं, महागडी तिकिटं खपली, लोक जमले, त्यांनी टाकीत पाऊल टाकलं आणि सरळ तळाला गेले. भार घेणारं कुणी नव्हतं.

पद्धत पहिली, कॉर्नफ्लोअरची टाकी

हिच्यात बनवाबनवी काहीच नाही, खरोखर द्रवावरून पळता येतं, म्हणून सुरुवात हिच्यापासून करा.

दुकानात नीट सांगून कॉर्नफ्लोअर आणा, म्हणजे मक्याचा पांढराशुभ्र स्टार्च, बोटांत धरला की करकरतो तो. मक्याचं पिवळं पीठ आणू नका, भाकरीचं. एका शाळेत मदतीच्या उत्साहात कुणीतरी ते दोन पोती आणून ठेवलेलं, त्याची फक्त आंबील झाली आणि आख्खा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. घाऊक बाजारात मेझ स्टार्च म्हणून ५० किलोचं पोतं मिळतं, ते घ्या, किराणा दुकानातली छोटी पाकिटं घेत बसलात तर खूप महाग पडेल.

एका पोत्यात साधारण ४० लिटर पाणी जातं आणि सगळं मिळून ७० लिटरच्या आसपास होतं. त्यासाठी दीड मीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच कडांची पेटी लागते, सुताराकडून प्लायची करून घ्या आणि आत जाड ताडपत्री किंवा प्लास्टिक अंथरा, किंवा विटांची चौकट रचून त्यावर ताडपत्री टाकली तरी चालतं. द्रव १२ सेंटिमीटरपर्यंत भरेल. यापेक्षा खोल करायची हाव नको, कुणी रुतलं तरी तळ लगेच लागला पाहिजे. पेटी नक्की सपाट जमिनीवर ठेवा, गच्चीवर ठेवत असाल तर उताराकडे लक्ष द्या नाहीतर एका टोकाला आठ सेंटिमीटर आणि दुसऱ्या टोकाला कडेवरून बाहेर.

आधी पाणी अर्धं घाला मग पीठ, मग परत पाणी, आणि शेवटचे पाच लिटर तर तांब्या-तांब्याने, कारण दमट हवेत ठेवलेल्या पोत्यात आधीच थोडा ओलावा असतो आणि ४० लिटर हा आकडा प्रत्येक पोत्याला तंतोतंत बसत नाही. मिक्सर, ड्रिल मशीनला लावायची रवी वगैरे वापरू नका, जोरात फिरवलं की हेच द्रव घट्ट होऊन मोटर जाम करतं, हातानेच, कोपरापर्यंत हात घालून, तळापासून सावकाश कालवा. अर्धा-पाऊण तास जातो, दोन-तीन जण लावा. जमलंय का बघायचं तर चमचा पृष्ठभागावर नुसता ठेवा, तो हळूहळू बुडाला पाहिजे. मग मुठीने ठोसा मारा, हात टणक आपटला पाहिजे, एक थेंब उडता कामा नये. ठोसा मारल्यावर शिंतोडे उडाले तर पीठ कमी, आणि चमचा वरच राहिला किंवा पृष्ठभागाला कोरड्या भेगा पडल्या तर पाणी कमी.

आता पळायचं. अनवाणी, पावलं पटापट आणि सपाट, टाचेवर नाही टोकावर नाही, अंगणात नाचताना पाय आपटतो तसं, आणि दुसऱ्या टोकाला न थांबता सरळ बाहेर उडी. मध्ये थांबलात की बुडालात. हे मुद्दाम करून दाखवायचं असतं, एक मूल पळत पार जातं आणि दुसरं मध्ये उभं राहतं, उभं राहिलेलं हळूहळू घोट्यापर्यंत खाली. एकदा सातवीतला एक मुलगा असा मध्येच थांबला, घाबरून त्याने पाय हिसकला आणि पाय सिमेंटमध्ये अडकल्यासारखा घट्ट, जितका जोर लावेल तितकी आख्खी पेटीच पायाबरोबर सरकायला लागली. मी त्याला म्हटलं जोर सोड, बोटं आधी हलव, पाय हळूच तिरका कर. तसं केलं आणि पाय दह्यातून चमचा निघावा तसा निघाला. त्या दिवशी त्या वर्गाला मला वेगळं काही शिकवावं लागलं नाही, जोर लावला की घट्ट आणि सबुरी धरली की पातळ हे त्यांनी त्याच्या पायावरूनच पाहिलं.

असं का होतं, तर स्टार्चचे बारीक कण पाण्यात अगदी दाटीने लटकलेले असतात. हळू हलवलं की कणांमधलं पाणी वाट देतं, कण एकमेकांशेजारून सरकतात. एकदम दाबलं की पाण्याला निघून जायला वेळच मिळत नाही, कण एकमेकांना भिडतात आणि जाम. दादरच्या पुलावर संध्याकाळी सगळे सावकाश चालतात तोवर गर्दी सरकत असते आणि गाडी लागली म्हणून मागून एकदम रेटा आला की कुणीच हलत नाही, ते डोळ्यासमोर आणा. शिकागो विद्यापीठातल्या वायटुकाइटिस आणि येगर यांनी २०१२ साली दाखवलं की आघाताखाली घट्ट झालेला भाग वरून खाली वाढत जातो, बर्फ ढकलणाऱ्या फावड्यापुढे बर्फाचा ढीग वाढत जावा तसा, आणि तो ढीगच पाय पेलतो. म्हणजे भार घेणारा इथे तुमच्याच पावलाने त्या क्षणापुरता तयार झालेला घट्ट गोळा. तो दुसऱ्या क्षणी वितळतो, म्हणून थांबायचं नाही.

दोन गोष्टी सांभाळा. कार्यक्रमाला उशीर झाला तर स्टार्च तळाला बसून खाली दगड आणि वर पाणी होतं, सुरू करायच्या आधी परत तळापासून कालवा. आणि संपल्यावर मोरीत, बेसिनमध्ये, गटारात अजिबात ओतू नका, पाइप चोंदतो आणि मग प्लंबर आणूनच सुटतो. रात्रभर तसंच ठेवा, वरचं पाणी झाडांना घाला आणि खालचा थर उन्हात वाळवून खतात टाका. आपल्या हवेत ते दोन दिवसांत आंबतं आणि वास सुटतो, त्यामुळे लवकर उरका.

पद्धत दुसरी, तराफ्याचे बूट

हिच्याबद्दल थोडक्यातच, कारण करायला कठीण आणि चुकलं तर जिवावरची आहे, पण मोठ्या मुलांना हिशेब म्हणून फार छान.

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा नाहीतर सुका भोपळा बांधलेला ज्यांनी अनुभवलाय त्यांना आर्किमिडीज वेगळा सांगायला नको. जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढ्याच वजनाइतका वर रेटा. ६० किलोच्या माणसाला ६० लिटर पाणी सारावं लागतं, आणि एक पाय पूर्ण उचलायचा तर दुसऱ्या एकट्या पायाखाली ६० लिटरहून जास्त लागतं, शिवाय बुटाचं स्वतःचं वजन. वीस लिटरचे पाण्याचे जार आपण ऑफिसात बघतो, तसे चार रिकामे जार एका पायाला, म्हणजे दोन पायांना आठ. लिओनार्दो दा विंचीच्या कागदांत पायात फुगीर बूट आणि दोन्ही हातांत तशाच काठ्या घेऊन पाण्यावर उभ्या माणसाचं चित्र आहे, म्हणजे कल्पना पाचशे वर्षं जुनी. आणि १९८८ साली रेमी ब्रिका या फ्रेंच माणसाने चार मीटरपेक्षा लांब तराफे पायाला लावून तेनेरिफ बेटापासून त्रिनिदादपर्यंत आख्खा अटलांटिक चालत पार केला, ५,६३६ किलोमीटर, दोन महिन्यांच्या आत. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

अडचणी दोन आहेत. एक, पाण्यावर पाय मागे रेटला की तराफा मागे घसरतो आणि तुम्ही जागच्या जागी. म्हणून तळाला बिजागरीच्या पट्ट्या लावतात, पुढे सरकताना त्या मिटतात आणि मागे रेटताना उघडून पाणी अडवतात. दुसरी खरी धोक्याची, माणूस उभा राहिला की त्याचं गुरुत्वमध्य मीटरभर उंचावर, आणि तराफे जवळजवळ धरले की तो आडवा होतोच. दोन तराफ्यांत अर्धा मीटर अंतर राहिलं तर कसाबसा तोल राहतो. आणि पडलात की पाय वर आणि डोकं खाली, कारण तरंगणारी वस्तू पायाला बांधलेली आहे! म्हणून पाय दोरीने कधीही बांधायचा नाही, चपलेसारखा रबरी पट्टा हवा जो हिसका दिला की सुटतो, अंगात लाइफ जॅकेट, पाणी छातीपेक्षा खोल नको आणि शेजारी पोहणारा माणूस हवा. तलावात, नदीत, विहिरीत ही पद्धत मी कुणालाच करू देत नाही, फक्त पोहण्याच्या तलावाच्या उथळ टोकाला.

तरंगता रस्ता हा त्याचाच सुरक्षित भाऊ. इटलीत इझेओ तलावावर क्रिस्तो या कलाकाराने २०१६ च्या जूनमध्ये दोन लाख वीस हजार प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा तीन किलोमीटर रस्ता तरंगत ठेवला होता, वर पिवळं कापड, १६ दिवस लोक त्यावरून चालत होते. आपल्याकडे बोटिंगच्या धक्क्याला तसलेच ठोकळे असतात. सहलीला गेलात तर मुलांना त्यावर उभं करा आणि कडेला पाणी किती वर येतं ते बघायला लावा, एक मूल, मग पाच मुलं. तेवढ्यात आर्किमिडीज होऊन जातो.

पद्धत तिसरी, पाण्याखालचा मंच

जत्रेतला बाबा असो की टीव्हीवरचा जादूगार, बहुतेक वेळा हाच प्रकार असतो. २०१० साली तलावावरून धावणाऱ्या काही तरुणांचा व्हिडिओ जगभर फिरला होता, खास बूट घालून ते पाण्यावर पळतायत असं, ती शेवटी बुटांची जाहिरात निघाली आणि पाण्याखाली मंच होता. जादूगारांवर माझा राग नाही, ते हातचलाखी म्हणूनच पैसे घेतात. राग त्यांच्यावर जे सिद्धी म्हणून विकतात.

आपल्याला टाकी लागेल, विटांची चौकट आणि ताडपत्री, चार मीटर लांब, दोन मीटर रुंद, पाणी फक्त ३० सेंटिमीटर. पण ३० सेंटिमीटर पाण्यात सुद्धा लहान मूल बुडू शकतं, त्यामुळे भरलेल्या टाकीजवळ पहिल्यापासून शेवटपर्यंत एक मोठा माणूस नुसता त्याच कामाला उभा पाहिजे. मंच दोन तऱ्हेने करता येतो. पारदर्शक हवा असेल तर १२ मिलिमीटरची ॲक्रिलिक शीट, ४० सेंटिमीटर रुंद, आणि खाली दर ३० सेंटिमीटरला आधार. ६० सेंटिमीटरचा गाळा ठेवला तर मधोमध पाय ठेवल्यावर शीट दीड सेंटिमीटर वाकते, मोडत नाही पण वाकलेली दिसते आणि चालणाऱ्याचा तोल जातो. दुसरी तऱ्हा माझ्या आवडीची आणि स्वस्त, काळी ताडपत्री, सिमेंटचे ब्लॉक, त्यावर काळी रंगवलेली फळी, तळ काळा आणि मंच काळा, डोळ्याला फरकच कळत नाही.

काच पाण्यात का नाहीशी होते तेही दाखवा. हवा आणि ॲक्रिलिकच्या अपवर्तनांकात, म्हणजे प्रकाश आत शिरताना किती वळतो त्या आकड्यात, मोठी तफावत आहे, १ आणि १.४९, म्हणून हवेत तिची कडा लखलखते. पाण्याचा १.३३, तफावत कमी, कडा पुसट. आणि तफावत अजिबात नसेल तर? प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काचेची टेस्ट ट्यूब घ्या, एका मोठ्या काचेच्या ग्लासात सूर्यफुलाचं तेल भरा, ट्यूब आत घाला आणि ट्यूबमध्येही तेल भरत जा. तेल चढेल तसतशी ट्यूब खालून नाहीशी होत जाते, शेवटी फक्त वरचं तोंड हवेत लटकलेलं दिसतं. दोघांचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास. घरी आईने बघितलं तर तेल वाया घालवलं म्हणेल, पण गाळून परत ठेवता येतं फक्त ट्यूब स्वच्छ नवी असली पाहिजे, आधी केमिकल घातलेली नको.

मंचाची वरची बाजू पाण्याच्या चार सेंटिमीटर खाली ठेवा आणि चालणाऱ्याला तीन-साडेतीन सेंटिमीटर जाड तळव्याची सँडल द्या, म्हणजे तळवाच पाण्यात जातो आणि पाऊल अगदी पाण्याला टेकल्यासारखं दिसतं. मंचावर पारदर्शक अँटी-स्किड टेप चिकटवा, ओलं ॲक्रिलिक शेवाळासारखं निसरडं असतं. वाट सरळ ठेवू नका, जरा वळणाची ठेवा, सरळ वाट म्हटलं की माणसाला फळी आठवते. मध्ये हातभर गाळा सोडा आणि तिथून एखादा चेंडू पाण्याखालून आरपार जाऊ द्या, बघणाऱ्याला वाटतं खाली काहीच नाही.

आता खरं काम, बघणाऱ्याला कुठे बसवायचं. पाण्याकडे सरळ वरून बघितलं तर जेमतेम दोन टक्के प्रकाश परत फिरतो, बाकी आत जातो, तळ स्वच्छ दिसतो. पण अगदी तिरक्या कोनातून बघितलं की पाणी आरशासारखं होतं, समोरचं आकाश, भिंत, झाडं दिसतात आणि तळ गायब. म्हणून प्रेक्षक जमिनीवर मांडी घालून, टाकीपासून सहा-सात मीटर लांब. कुणालाही उभं राहू देऊ नका, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत तर कुणी नकोच. मोबाइलवर शूट करत असाल तर मोबाइल गुडघ्याच्या खाली धरा आणि लांबून झूम करा. नर्मदेच्या त्या व्हिडिओतही काठावरून, तिरक्या नजरेनेच सगळे बघत होते. अलिबागला कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीला चालत जाणारी माणसं किनाऱ्यावरून बघा, पाणी घोट्याएवढं असताना ती समुद्रावरून चालल्यासारखी दिसतात. हाजी अलीच्या वाटेवर पाणी चढायला लागलं की तिथेही तसंच. (भरतीच्या वेळा बघितल्याशिवाय यातल्या कुठेच जाऊ नका, आणि बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना तर मुळीच नाही, तिथे शेवाळ आणि ओढ दोन्ही असतात.)

पकडले कशाने जाता तेही सांगतो. ॲक्रिलिक पाण्यात ठेवलं की त्याला बारीक बुडबुडे चिकटतात, जवळून चांदीच्या ठिपक्यांसारखे चमकतात आणि आख्खी शीट आखून दाखवतात. सुरू करायच्या दहा मिनिटं आधी हात फिरवून ते पुसून काढा. भर उन्हात करू नका, शीटच्या कडेतून उजेडाची एक पांढरी रेघ तळावर पडते, ती झाकता येत नाही. संध्याकाळी करा किंवा ढगाळ दिवशी. आणि सगळ्यात महत्त्वाचं चालणाऱ्याची नजर. एका शाळेत सगळं जमलं होतं, बुडबुडे नव्हते, उजेड मऊ होता, मी चार पावलं टाकली आणि पुढे बसलेली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, तुम्हाला पाण्यावर चालता येतं तर तुम्ही पाय कुठे ठेवायचा ते का बघताय?" सहावीतली मुलगी! पुढच्या पाच मिनिटांत तिने वर्गालाच पटवून दिलं की खाली ठरावीक जागा आहेत. तेव्हापासून मी पावलं मोजून पाठ करतो, डोळे बांधून आठ-दहा वेळा तालीम करतो आणि चालताना समोरच्या झाडाकडे बघतो. तुम्हीही करा, पण अशी एखादी मुलगी निघाली तर तिला मध्ये तोडू नका, तिला पुढे बोलवा आणि तिच्याकडूनच पुढचं सांगून घ्या.

प्रयोग झाल्यावर गुपित तिथल्या तिथे उघड करायचं, उद्या सांगतो असं नाही. आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं आणि लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे, आणि तो कायदा मिळवायला डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अठरा वर्षं झगडून शेवटी २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात जीव गमावला. मी प्रत्येक कार्यक्रमात हे नाव घेतो, मुलांना माहीत असलं पाहिजे. आणि ज्यांच्या घरी कुठल्या महाराजांवर श्रद्धा आहे त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द बोलायचा नाही, आपण फक्त विचारायला शिकवतोय.

उघड करताना तोंडी सांगू नका. टाकीच्या कोपऱ्यातला पाइप सोडा आणि सगळ्यांना कडेभोवती उभं करा. पाणी उतरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, कुणी जागचं हलत नाही. आधी काहीच दिसत नाही, मग पाण्यावर एक हलकी रेघ, मग ओल्या फळीचा काळा कोपरा, आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडतंच, "ते बघ, तिथे आहे!" पाणी पूर्ण ओसरलं की टेप नीट बसलीय का एकदा हाताने तपासा आणि एकेका मुलाला त्या फळीवरून चालू द्या.